घमेलंभर निखारे

“हरिदासभाऊ, त्या जीपपायी तुम्ही गेलात, पण माझा राग काही जात नाही.” शेजारच्या निवृत्त मास्तरीण ललिताबाई मनातल्या मनात त्याला अजून असंच पत्र लिहितात.

हरिदास सावलीहून गडचिरोलीला सवाऱ्या न्यायचा. थंडीत त्याची जुनी डिझेल जीप सुरूच व्हायची नाही. मग पहाटे घमेलंभर निखारे इंजिनाखाली सरकवायचे आणि आतलं ऑइल पातळ होईस्तोवर फुंकत बसायचं. त्या धुरानं तो खोकून खोकून पार थकला. पुढे उन्हाळ्यातही खोकला थांबेना.

“दवाखान्यात छातीचा फोटो काढा. मी येते सोबत.”

“काढू ना बाई. पण तिथी गाडी थंडी पडली तं निखारे कोन देईन मले?”

“सवाऱ्या धक्का मारतील!”

“मलेच मारतीन!”

गेल्या हिवाळ्यात बाईंनी त्याला दवाखान्याच्या फाटकापर्यंत नेलंच. चिठ्ठी काढून त्या बाहेर आल्या, तर इंजिन धडधडतच होतं.

“बंद करा ते आणि उतरा.”

“रांग लय मोठी हाय बाई, अन् डिझेल जळून राह्यलं. उद्या येऊ,” म्हणत त्यानं गिअर टाकला.

तो फोटो काढायचा राहिला, तो राहिलाच.