बाई अजून नेसतेय

गुरुवार, २० डिसेंबर १९७९. हनुक्काच्या सणाची सातवी बत्ती. वेळ संध्याकाळी पाच. आमच्या मराठी गुरुवारला पंधरा वर्षं पूर्ण.

हजर: गावातली आपली मराठी ज्यू मंडळी, जवळजवळ सगळी. शेजारच्या ओफाकिमहून एक बसभर, नेतिवोतहून दोन गाड्या. कमिटीचे अध्यक्ष सॅमसनभाऊ, टाय लावून. रिबकाबाई, तिसरी रांग, कडेची खुर्ची. माझी मुलगी ओरना, माइकपाशी. पहिल्या रांगेत गावच्या कौन्सिलचे सात पाहुणे, मधोमध संस्कृती खात्याची मुख्य बाई. मी, सेक्रेटरी, हातात यादी घेऊन दाराशी.

मामांच्या नावापुढे मी अजून खूण केली नव्हती. ते पडद्यामागे होते. सॅमसनभाऊंनी दोनदा हाक मारली तेव्हा आतून त्यांचं नेहमीचं वाक्य आलं, "घाई नको. बाई अजून नेसतेय."

मामा म्हणजे कोणाचे सख्खे मामा नव्हेत. कापडाच्या कारखान्यात ते रंगखात्यात होते आणि मी स्टोअरमध्ये. कोकणातून मुंबई, मुंबईहून इथं, आणि इथं रंगाच्या हौदापाशी वीस वर्षं. ठेंगणे, खांद्याला थोडे वाकलेले, मिशी दाट. ही मिशी महिन्यातून एकदा नाहीशी व्हायची. तिसऱ्या बुधवारी मामा गुळगुळीत ओठ घेऊन कामावर आले की आमच्या खात्यातल्या मोरोक्कन बायकासुद्धा ओळखायच्या, उद्या इंडियन लोकांचा कार्यक्रम.

कार्यक्रमाचा नियम एकच होता. ज्याला काही करायचं त्यानं माझ्याकडे नाव द्यायचं, मी यादीत घालणार, यादीच्या क्रमानं स्टेजवर जायचं. कोणी नाट्यगीत म्हणे, कोणी बोटांनी कुत्र्याची सावली पाडे. एका गृहस्थांनी तीन वर्षं दर महिन्याला तीच बासरी तशीच चुकीची वाजवली. आपण सगळ्यांनी ती ऐकून घेतली, कारण पुढच्या वेळी आपलंही कोणीतरी ऐकून घ्यायला हवं असतं.

मामा मात्र शेवटचे. मामा हन्ना करायचे.

आपल्याकडे कीर्तनात ज्यू शास्त्रातल्या कथा सांगायची जुनी चाल आहे, तुम्हाला माहीत आहेच. मामांनी त्यातून स्वतःची वीस मिनिटांची हन्ना बांधली होती. मूल होत नाही म्हणून रडणारी हन्ना, मग झालेला मुलगा देवाच्या घरी देऊन येणारी हन्ना, आणि मग दर वर्षी त्याच्यासाठी एक लहान झगा शिवून घेऊन जाणारी हन्ना. पदं त्यांचीच, साकीच्या चालीवर. नेसायचे नऊवारी, रिबकाबाईंची, अंजिरी रंगाची. नेसवायच्याही रिबकाबाईच. मामा त्यांना म्हणायचे, "काष्टा घट्ट ओढ ग बाई, हन्ना गरीब होती, ढिली नव्हती."

रंगखात्यामुळे त्यांची नखं कायमची निळी. लिंबू, सोडा, सगळं करून पाहिलं. एकदा कोणीतरी विचारलं, "मामा, हन्नाची नखं निळी कशी?"

"परीट परवडत नव्हता. घरीच नीळ घालायची," मामा म्हणाले.

पण स्टेजवर बोटं पदराखाली. तिथं थट्टा नाही. मी सांगते, आपल्यातल्या म्हाताऱ्यांना पुरुषानं बाईचं काम करणं नवं नव्हतं. मुंबईला आपण तेच पाहून मोठे झालो. पडदा सरकला की दोन मिनिटांत मिशीचा माणूस विसरला जायचा.

सगळ्यात शेवटी झग्याचा प्रसंग. हन्ना कापड घेऊन बसते आणि मुलगा आता केवढा झाला असेल याचा अंदाज करते. मामा हात हवेत धरायचे, कमरेएवढा. विचार करायचे. हात थोडा वर. पुन्हा विचार. आणि म्हणायचे:

वर्षामागुनि वर्ष उलटले, वाढ तुझी ना दिसे
कुण्या मापाने शिवू झगा हा, मज न उमगते कसे

त्र्याहत्तर साली योम किप्पुरच्या लढाईत रिबकाबाईंचा मुलगा गेला. वीस वर्षांचा होता. त्यानंतर मामांनी हन्ना करायचं बंद केलं. सात महिने नाव दिलं नाही, मिशी ठेवली. मग एका बुधवारी रिबकाबाई स्वतः नऊवारी इस्त्री करून त्यांच्या दारात गेल्या. म्हणाल्या, "मामा, उद्या करा. मला तो हात बघायचाय." त्या गुरुवारी मामांनी हात धरला. ज्यांची मुलं सैन्यात होती त्या सगळ्या बायका त्या हाताकडे बघत होत्या. तेव्हापासून शेवटचा नंबर मामांचा, हे मला कोणी सांगावं लागलं नाही.

आता पंधरावा वाढदिवस.

त्या साली कौन्सिलनं कळवलं की गुरुवारी हॉल ज्युदोच्या वर्गाला हवा आहे. तुमचा कार्यक्रम बघायला आम्ही येऊ, बघू आणि ठरवू. सोबत एक छापील फॉर्म. त्यात चार रकाने: गाणं, नाच, वादन, हुमोर म्हणजे विनोद. प्रत्येक रकान्यात निदान तीन नावं हवीत, कार्यक्रम विविध हवा. मी रात्रीचं जेवण उरकून फॉर्म भरला. गाण्यात नऊ झाले. नाचात तीन. वादनात तीन, बासरीवाले धरून. हुमोरमध्ये दोनच. कीर्तनाचा रकाना नव्हता. मामांचं नाव उरलं होतं आणि एक जागा रिकामी होती.

मी ते तिथं लिहिलं. फॉर्म सुंदर दिसला. मी समाधानानं झोपले. हे लिहितानासुद्धा मला स्वतःची शिसारी येते.

कार्यक्रम ठीक चालला होता. पाहुणे सुफगानियोत, हनुक्काचे तळलेले गोड गोळे, खात होते, साखर झटकत होते. संस्कृतीवाली बाई घड्याळ बघत होती. शेजारच्याच्या कानाशी काहीतरी बोलत होती आणि गाणं चालू असताना बोलत होती. शेवटी ओरनानं माझ्या फॉर्मवरून कौन्सिलनं छापलेला कागद उचलला आणि हिब्रूत वाचलं, "आणि आता शेवटी, हुमोर!" आणि मामांचं नाव.

पडदा सरकला. नऊवारीतला साठीचा ठेंगणा पुरुष, डोक्यावर पदर, खाली बघत उभा.

पहिली रांग हसत सुटली. "पुरिमसारखं!" कोणीतरी ओरडलं. पुरिमच्या सणाला इथं पुरुष गंमत म्हणून बायकांचे कपडे घालतात, त्यांना तेवढंच माहीत. संस्कृतीवाली बाई पहिल्यांदा खुर्चीत ताठ बसली आणि टाळ्या वाजवू लागली. मागची आपलीच पोरं, इथं जन्मलेली, ज्यांना इतकी वर्षं आयांनी दटावून गप्प बसवलं होतं, त्यांना परवानगी मिळाल्यासारखं झालं. शिट्ट्या. एकानं तर "मोतेक!" म्हणजे लाडके, अशी हाक मारली. त्याची आई माझ्याच बिल्डिंगमधली. मी आजही तिच्याशी धड बोलत नाही.

रिबकाबाई उभ्या राहिल्या. "अरे गप्प बसा! लाज आहे का? हन्ना आहे ती, शाळेत शिकलात ना?" त्या मराठीत ओरडत होत्या. पहिल्या रांगेला वाटलं, ह्याही खेळातल्याच. त्यांच्यासाठीही टाळ्या झाल्या.

सॅमसनभाऊ माझ्या कानाशी आले. "खूष झाली बघा बाई. हॉल वाचला, सेक्रेटरीणबाई." कपाळावर घाम, तोंडभर हसू. मला त्यांना टायला धरून बाहेर काढावंसं वाटलं. काढलं नाही.

मामा गात होते. दोन पदं त्यांनी नेटानं म्हटली, हशा चिरत. मग थांबले. त्यांनी पहिल्या रांगेकडे बघितलं, सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, जसं हौदातलं कापड किती रंग प्यायलंय ते बघायचे तसं. आणि मी दाराशी उभी असून मला कळलं की आता हे काय करणार.

त्यांनी पदर कमरेला खोचला. निळी बोटं बाहेर काढून डोळ्यांपुढे नाचवली. कंबर हलवली. आवाज चिरका केला. आणि झग्याचा प्रसंग केला.

हात कमरेएवढा. डोळे वटारले. हात खांद्याएवढा. तोंडाचा आ. हात डोक्यावर, मग टाचा उंचावल्या, मग उड्या, मग स्टूल ओढून त्यावर चढले आणि तिथून हात आणखी वर. "इमा'ले!" म्हणजे आई गं, पहिली रांग किंचाळत होती. "ओद पाआम!" पुन्हा करा, पुन्हा करा. त्यांनी पुन्हा केलं. स्टुलावरून घसरण्याचं सोंगही केलं.

मी तिसऱ्या रांगेकडे बघितलं. कडेची खुर्ची रिकामी होती.

संस्कृतीवाली बाई स्टेजवर चढली. मामांच्या गालाला गाल लावला आणि फोटोसाठी तसाच धरून ठेवला. अशी गंमत आपल्या गावात आहे हे आपल्याला माहीतच नव्हतं, म्हणाली. कोल हाकावोद, शाब्बास, म्हणाली. बॅगेतून एक प्रमाणपत्र काढलं, नाव लिहायची जागा कोरी ठेवलेलं. 'सर्वोत्तम हुमोर.' तिथल्या तिथं नाव भरलं. हॉल पुढच्या पाच वर्षांसाठी आमचा. जाताना तिनं माझा हात दाबला. हाताला साखर चिकटली, ती मी दोनदा धुतली.

पडद्यामागे गेले तेव्हा मामा खुर्चीवर बसले होते. रिबकाबाई समोर उभ्या.

"सोडा," त्या म्हणाल्या. "नऊवारी माझी आहे. धुवायला न्यायचीय."

मामा उठले. आतल्या लेंग्यावर उभे राहिले आणि एकेक वेढा सोडत गेले. रिबकाबाईंनी ती घडी केली नाही, तशीच बोळा करून काखेत मारली आणि मागच्या दारानं गेल्या.

"हॉल राहिला ना?" मामांनी मला विचारलं.

"राहिला."

"मग झालं." त्यांनी पँट हातात घेतली. "सेक्रेटरीणबाई, आमचं नाव हुमोरात कसं गेलं हो?"

"कौन्सिलनं छापलं," मी म्हणाले.

मामांनी माझ्याकडे बघितलं. "कौन्सिलला मी कुठं माहीत?" असं म्हणाले आणि पँट चढवू लागले. रागावले नाहीत. रागावले असते तर मी खरं सांगितलं असतं, अशी मी बरीच वर्षं स्वतःची समजूत घातली.

प्रमाणपत्र त्यांनी खुर्चीवरच ठेवलं. मी ते हॉलच्या कपाटात टाकलं.

त्यानंतर मामांची मिशी कधी उतरली नाही. पण ते दर कार्यक्रमाला यायचे, हे सांगायला हवं. खुर्च्या लावायचे, मागच्या रांगेत बसायचे, बासरीवाल्यांना टाळ्या द्यायचे. मी दर महिन्याला विचारायची, "मामा, यादीत घालू?"

"नको. बाई माहेरी गेलीय."

रिबकाबाई मात्र आल्या नाहीत. दोन वर्षांनी एकदा बाजारात मामांनी त्यांना वाट अडवून काही सांगितलं. मी भाजीच्या गाडीपलीकडे होते, शब्द ऐकू आले नाहीत. रिबकाबाईंनी पूर्ण ऐकून घेतलं, पिशवीतली दोन संत्री काढून त्यांच्या हातात ठेवली आणि निघून गेल्या. मामा ती संत्री घेऊन बराच वेळ तिथं उभे होते. माफी झाली की निरोप, तुम्ही असता तर कदाचित तुम्हाला कळलं असतं. मला कळलं नाही.

मामा त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात वारले, छातीत कळ येऊन, कामावरून घरी आल्यावर. मयतीला रिबकाबाई आल्या. 

आमचा गुरुवार अजून चालतो. हॉल आहे, नवा पडदा आहे. त्या वर्षापासून फॉर्मवर सगळ्यात लांब रकाना हुमोरचा. दोघी जणी नवऱ्याला आपले झगे घालून आणतात, एक जण उशा पोटाला बांधतो. पाहुणे येतात, हसतात, खातात. मी दाराशी यादी धरून उभी असते आणि स्टेजकडे बघत नाही. पण यादी बिनचूक असते.

मामांची मुलगी हैफाला असते. लग्न होऊन लवकर तिकडे गेली, मराठी समजते थोडी, वाचता येत नाही. बाप साडी नेसतो याची तिला लाज वाटायची, म्हणून कधी बघायला आली नाही. या पेसाहच्या सणाआधी तिचा फोन आला. ओरनानं घेतला. तिला कोणीतरी सांगितलं होतं की बाबांना कौन्सिलचं बक्षीस मिळालं होतं. ते प्रमाणपत्र मिळेल का? मुलं मोठी झालीत, आजोबा किती विनोदी होते ते त्यांना दाखवायचंय. भिंतीवर लावीन, म्हणाली. रडत होती, असं ओरना म्हणाली.

प्रमाणपत्र मी कपाटातून काढलं, पुसलं. पुठ्ठ्याचे दोन तुकडे मापात कापले. पाकीट आणलं, तिकिटं लावली, हैफाचा पत्ता ओरनाकडून हिब्रूत लिहून घेतला. एवढं एका दुपारी झालं.

नुसतं प्रमाणपत्र पाठवता येत नाही. सोबत पत्र हवं: तुझे वडील विनोदी नव्हते, ते काय करायचे, कोणासाठी करायचे, त्या दिवशी त्यांनी काय मोडलं आणि ते नाव त्या रकान्यात कोणी घातलं. ओरना म्हणते, "इमा, तू मराठीत सांग, मी हिब्रूत लिहिते. पण सगळं सांग." तीन वेळा ती कागद घेऊन समोर बसली. तीनही वेळा मी नऊवारीच्या रंगापर्यंत आले आणि मला कुठलं तरी दुसरं काम आठवलं.

पाकीट शिवणाच्या मशीनवर आहे, उघडं. पेसाह होऊन गेला, सात आठवड्यांनंतरचा शावुओतचा सण आला. या आठवड्याच्या कामांच्या यादीत एका ओळीखेरीज सगळ्यावर खूण झाली आहे.

हैफा, पत्र.