माशी कुठे शिंकली

माझी मुलगी मुक्ता फ्लूच्या साथीचा अंदाज बांधते. परवा तिच्यामागे उभी राहून मी लॅपटॉपवरचा जगाचा नकाशा बघत होते. देशोदेशींचे दवाखाने रुग्णांचे आकडे कळवतात, तसतसे ते ते देश गुलाबी होत जातात. ऑस्ट्रेलिया बराच गुलाबी झाला होता.

"आई, तुला दमा आहे. यंदा लस लवकर घेऊन टाक."

"तिकडे कोणी शिंकलं म्हणून?"

"म्हणूनच."

मला हसू आलं. घरातून निघताना कोणी शिंकलं की मी दोन मिनिटं टेकते, आणि ही त्यावरून मला लहानपणापासून चिडवत आली आहे. आता समुद्रापलीकडची शिंक ऐकून तीही लोकांना जपूनच राहायला सांगते. अंदाज चुकला, की माशी कुठे शिंकली ते शोधत बसते, एवढाच काय तो फरक.

आज लस घ्यायला निघालो, तर समोरच्या दारातून बाहेर पडणाऱ्या काकांनी सणसणीत शिंक दिली. मी ओशाळून मुक्ताकडे पाहिलं. तिने मला हाताला धरून आत घेतलं आणि दार लोटलं.

"टेक जरा," ती म्हणाली. "काकांना आधी खाली जाऊ दे."