स्लॅबच्या दिवशीची पंगत

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. सेलूच्या वाटेवर कापसाच्या गोदामाचा स्लॅब टाकायचा होता. तोवर आमच्याकडे स्लॅब म्हणजे घमेल्यांची रांग. यावेळी ठेकेदारानं नागपूरहून काँक्रीटचा पंप आणला. पंप चालवायला आम्ही दोघं भाऊ: मी खाली मशीनवर, थोरला भाऊ वर पाइपापाशी.

ठेकेदाराला आम्ही आधीच बजावलं होतं की पंप मध्येच थांबवायचा नाही, माणसं पाळीपाळीनं जेवतील. पण स्लॅबच्या दिवशी मालकानं सगळ्यांना एकाच पंगतीत वाढायचं, ही इकडची रीत. पत्रावळी मांडल्या, बुंदी आली.

"मशीनले काय भूक लागून राह्यली? बंद करा न् बसा सारे," मालक म्हणाला. ठेकेदारच आधी जाऊन बसला. मिक्सरवरची माणसंही उठली. मग पंपात घालू काय, डोंबल? असा संताप आला, पण आमचं ऐकतो कोण!

मे महिन्याचं ऊन. पाइपांना हात लावता येईना. पंगत उठेपर्यंत आतला माल आळला. पंप सुरू केला तर इंजिन नुसतं गुरगुरलं. दादा हातोडीनं पाइप ठोकत गेला. एका जोडापाशी बद्द आवाज आला. तिथंच अडकलं होतं. अशा वेळी आधी पंप उलटा चालवून दाब काढायचा, मगच हातोडीनं कडी ठोकून जोड उघडायचा. हे मला त्यानंच शिकवलेलं. मी दांडा उलटा ओढला, पण पंप उलटाही फिरेना.

वर ठेकेदार दादाच्या डोक्यावर उभा. काय ओरडत होता ते मागून कळलं. "खोल लवकर! स्लॅब मधातच सुकून राह्यला!"

"दादा, थांब! दाब हाय अजून!" मी बोंबललो. इंजिनापुढे ते कुणाला ऐकू जाणार? झटकन इंजिन बंद केलं, तोच वरून हातोडीचा ठोका ऐकू आला. खाली मी दाब काढलाच असणार, असं त्यानं धरलं होतं. माझ्यावर भरवसा होता त्याचा.

खडी-सिमेंटचा सगळा मारा त्याच्या तोंडावर बसला. मी धावत वर गेलो, त्याचं डोकं मांडीवर घेतलं, पंगतीतलं उरलेलं पाणी मागवून डोळ्यांत ओतत राहिलो. सिमेंट निघता निघेना. देवा, एक तरी डोळा राहू दे, म्हणत मी लहान पोरासारखा रडत होतो. वर्ध्याच्या डॉक्टरांनाही काही करता आलं नाही.

आता लग्नाकार्यात मी दादाच्या शेजारी बसतो. त्याचा हात धरून भात कुठं, भाजी कुठं ते दाखवतो. बुंदीवाला जवळ आला की वासावरूनच त्याला कळतं. तो पत्रावळीवर आडवा हात धरतो.