मशीनचा उपास

माझं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ चुकतं, अक्षरही वाकडं आहे, त्याबद्दल माफी असावी. वाचणारं कोणी नाही, तरी लिहून ठेवते.

मालकांना, म्हणजे आमच्या घरधन्यांना, भाकरी गिळवेना. धुळ्याला पोटात दुर्बीण घालून तुकडा काढला, तपासला. जठराचा कॅन्सर निघाला. डॉक्टर म्हणाले, "जळगावला सीटी स्कॅन करून आणा. आजार जठरातच असेल तर ऑपरेशन करू. पुढे पसरला असेल तर उपयोग नाही." अमळनेरच्या माझ्या धाकट्या भावानं तपासणीचे आणि ऑपरेशनचेही पैसे उसने दिले. मी ते ओच्यात बांधले.

उपाशी पोटी या, असं सांगितलं होतं. पहाटे उठून मी भगर आणि शेंगदाण्याची आमटी केली. उपास म्हटला की आमच्याकडे तेच.

मशीनवाल्यानं विचारलं, "काका, काही खाल्लं का?"

"काहीच नही. उपास शे ना. वाटीभर भगर खादी."

तो हसायलाच लागला. "अहो, एकादशी नाही ही! पोट रिकामं पाहिजे. उद्या या."

"तुमना मशीनना देव कोनता शे, माले काय माहीत?" मालक म्हणाले. बाकावरची माणसंही हसली. मी पदर तोंडावर घेतला.

दुसऱ्या दिवशी काही न खाता गेलो. त्यांना औषधाचं पाणी पाजलं, सुई टोचली, आत नेलं. दाराबाहेर ऐकू येत होतं, "श्वास घ्या. धरून ठेवा. सोडा." मीही बाकावर श्वास धरत होते.

धुळ्याच्या डॉक्टरांनी काळ्या फिल्म उजेडाला लावल्या. जठराची जाड झालेली भिंत दाखवली, मग लिव्हरवरचे डाग. ऑपरेशन कधी ते सांगतील म्हणून मी ओच्याची गाठ चाचपत बसले. शेवटी तेच म्हणाले, "ताई, आता यांना आवडेल ते खायला द्या." तेव्हा समजलं.

एसटीत मालक म्हणाले, "डॉक्टर चांगला शे. बठ्ठं खा म्हने." सगळं खा, एवढंच त्यांना ऐकू आलं होतं.

घरी त्यांनी भगरच मागितली. दोन घास गेले. कापूस फुटायच्या आत ते गेले.

ऑपरेशनचे पैसे बांधले तसेच होते. "राहू दे, अक्का," भाऊ म्हणाला. मी ते त्याच्या हातावर ठेवले. ऑपरेशन झालं असतं तर जन्मभर फेडत राहिले असते. तपासणीचे तेवढे फेडायचे उरले होते. लोकांचा कापूस वेचून यंदा तेही दिले. आता सगळे फिटले.