हलत नाही ते काप

ताडकळसचा बजरंग लग्नांचे व्हिडिओ काढतो, कंप्युटरवर ते कापतो, जोडतो, टीव्हीवर लागतील असे बदलून देतो, आणि हे सगळं फुकटच्या सॉफ्टवेअरवर. विकतचं घेईल तर शपथ! लोकांनी किती समजावलं, पण पठ्ठ्याचं म्हणणं एकच, की फुकटच्या वस्तूत बिघाड निघाला तर निदान कुणाशी भांडायला जावं लागत नाही. अशा माणसापुढं काय डोकं फोडून घ्यायचं? कुणाची जुनी बारशाची कॅसेट, कुणाच्या मोबाईलमधलं टीव्हीवर न लागणारं कीर्तन, सगळं त्याच्या पिठाच्या गिरणीमागच्या खोलीत यायचं आणि खरं सांगायचं तर धड होऊन परत जायचं.

यंदा दत्तरावांच्या भक्तीचं लग्न त्याला मिळालं. गावातलं मोठं घर. हे काम जमलं तर अख्खी भावकी त्याची, आणि बिघडलं तर गावात पुन्हा कॅमेरा बाहेर काढायची सोय नाही. त्यात लग्नात दत्तरावांची थोरली बहीण, पिंगळीची धुरपताबाई, रुसून बसली. का, तर तिच्या मानाच्या लुगड्यापेक्षा विहीणबाईंचं भारी निघालं. या मांडवात पाण्याचा थेंब घेणार नाही, असं तिनं चारचौघांत जाहीर केलं आणि खुर्चीत बसली ती बसलीच. पाया पडून झालं, हात जोडून झाले. शेवटी दत्तरावांनी शब्द दिला, की आक्का, व्हिडिओत सगळ्यांत जास्त तूच दिसशील. तेव्हा कुठं ती जराशी विरघळली. तरी माहेर ठेवायचं की तोडायचं, ते व्हिडिओ बघून सांगते म्हणाली.

शूटिंग निघालं अख्ख्या दिवसाचं. बजरंगनं इंटरनेटवरून एक नवीन सॉफ्टवेअर उतरवलं, अर्थात फुकटचं. त्यात एक बटण होतं. ते दाबलं की जिथं काही हलत नाही तेवढा भाग आपोआप कापला जायचा. बजरंग जाम खूश. बटण दाबलं आणि बाजारात भजी खायला गेला. येऊन बघतो तर सुटसुटीत फाईल तयार! त्यानं ती पेनड्राइव्हवर घेतली आणि पुढच्या लग्नासाठी जागा हवी म्हणून मूळ शूटिंग पुसूनही टाकलं. अरे बाबा, एकदा लावून बघायचं तरी! पण नाही.

आता आपल्याकडच्या मोठ्या माणसांची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. कॅमेरा समोर आला की हात सरळ, मान ताठ, श्वास बंद. फोटो असो की व्हिडिओ, नियम तोच. आणि बजरंगचा बाप फोटोवाला, त्यामुळं यालाही सवय पडलेली. प्रत्येकाला आधी बजावायचा, हलू नका.

संध्याकाळी दत्तरावांच्या बैठकीत सगळे जमले. भक्ती माहेरी आलेली, सोबत वालूरच्या विहीणबाई. सगळ्यांत पुढं धुरपताबाई, डोक्यावर पदर, मांडीवर पिशवी. टीव्ही सुरू झाला. मांडवाची झालर फडफडली. एका पोरानं नाक पुसलं. बुंदीच्या बादल्या पळाल्या, मामा नाचला, कुत्रं येऊन गेलं. स्टेजवर माणसं चढताना दिसायची आणि लगेच उतरताना दिसायची, नवरा-नवरीपाशी विंचू-इंगळी निघाल्यासारखी. आशीर्वाद देणारे दत्तराव गायब. विहीणबाईंनी हळूच विचारलं, हे आपलंच लग्न आहे ना?

बजरंगला आता सगळं उमगलं होतं. धुरपताबाई दिवसभर कॅमेऱ्यासाठी श्वास धरून बसली होती, आणि सॉफ्टवेअरनं तिला मांडवाचा खांब समजून टाकून दिलं होतं. तिनं पिशवीचे बंद आवळले. दत्तरावांचा चेहरा उतरला.

एवढ्यात मांडवाची मागची बाजू दिसली. पंगतीला बसायच्या घाईत बजरंग तिथं कॅमेरा चालूच ठेवून गेला होता. आचाऱ्यांच्या चुलीजवळ धुरपताबाई उभी. तिनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि परातीतून जिलब्या उचलल्या, दोन्ही हातांत. एक तोंडात कोंबली. तिकडं बँड वाजत होता. बाईनं जिलब्यांसकट हात वर केले आणि कंबर हलवत अशी नाचली, अशी नाचली, की आचारी झारा टाकून बाजूला झाला.

दत्तराव आढ्याकडं बघायला लागले. भक्तीनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. बजरंगनं चपला कुठं आहेत ते बघून ठेवलं.

धुरपताबाई उठली आणि टीव्हीपाशी जाऊन उभी राहिली.

"परत लाव," ती म्हणाली.

त्यानं परत लावलं. तिनं पुन्हा सगळं बघितलं, पार शेवटच्या जिलबीपर्यंत.

"बजरंगा, माझे फोटू लय हायत रं," ती म्हणाली. "समद्यांत मेल्यावानी दिसते. ह्याच्यात पहिल्यांदा जित्ती दिसायले."

मग भक्तीला हसू आवरेना, विहीणबाईही हसत सुटल्या. धुरपताबाईनं पिशवी खुंटीला अडकवली, आणि लुगड्याचं बोलणं अजून बाकी आहे, असं दत्तरावांना बजावून जेवायला बसली.

आता भावकीतलं एकही लग्न बजरंगशिवाय होत नाही. तो मोठ्या माणसांना नीट रांगेत उभं करतो, हलू नका म्हणून बजावतो, थोडा वेळ जाऊ देतो आणि मग मोठ्यानं सांगतो, झालं, कॅमेरा बंद. आणि तेव्हा कुठं तो कॅमेरा चालू करतो.