बंद लेथवरचा फोटो

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बी.कॉम. झाले, ठाण्यात एका ऑफिसात लागले आणि वर्षभरात स्वतःच्या पगारातून कॅमेऱ्याचा फोन घेतला. हे मी आजही ताठ मानेने सांगते. फोन सेकंडहँड होता, तेही सांगते. त्यात लपवण्यासारखं काय आहे?

उल्हासनगरच्या बाजारातला तो सिंधी दुकानदार विकण्यात हुशार होता. फोनमध्ये आधीच्या मालकाच्या घरातलं अख्खं लग्न तसंच पडलेलं. त्याने तेच दाखवलं. "देखो दीदी, दुल्हन के कंगन तक गिन लो. अंदर कॉम्प्युटर है पूरा." खरंच होतं. मेनू, फोल्डर, ब्लूटूथ, ऑफिसची फाईलसुद्धा उघडायची. मी बांगड्या मोजल्या आणि फोन घेतला.

माझे फोटो मात्र तसे येईनात. आमच्या अंबरनाथच्या खोलीत उजेड कमी. आईचा फोटो काढला की नुसते दात दिसायचे. बटण दाबल्यावर फोन जरा विचार करायचा आणि मग खट् वाजायचं, तोवर समोरचं माणूस उठून गेलेलं असायचं. शेजारणी विचारायच्या, "काय गं, फोटो कसे येतात?" तेव्हा मी त्यांना ते लग्नच दाखवायचे. कुणाचं म्हणून विचारलं तर सांगायचे, "ऑफिसातल्या मैत्रिणीचं." म्हणून ते लग्न मी पुसलं नाही. हा माझा मोठेपणा पुढे मला नडला.

पप्पा एमआयडीसीत लेथवर होते. तीस वर्षं एकच खातं, त्यातली बरीच एकाच मशीनवर. येत्या मार्चला रिटायर होणार होते. गणपती उठल्यानंतर एकदा जेवताना सहज बोलल्यासारखं म्हणाले, "लग्नातला फोटो आहे, गेटपासवरचा आहे. मशीनवर असतानाचा एकपण नाही बघ." पप्पा कधी काही मागणारे नाहीत. मी तिथेच सांगितलं, "खंडेनवमीला येते. मी काढते."

खंडेनवमीला कंपनीत घरच्यांना आत सोडत. एरवी कॅमेऱ्याचा फोन गेटवर जमा व्हायचा. पप्पांनी सुपरवायझर साहेबांना आधीच गाठलं होतं. साहेब म्हणाले, "एकच फोटो. जेवणाचा भोंगा वाजला की फोन गेटवर." पुढल्या दसऱ्याला पप्पा तिथे नसणार होते, म्हणजे जे काही व्हायचं ते त्याच दिवशी.

खात्यात सगळ्या मशीन धुऊन पुसून उभ्या, प्रत्येकीला झेंडूची माळ. दुसऱ्या दिवशी धम्मचक्र दिन, आम्हाला पांढरे कपडे घालून विहारात जायचं होतं. पप्पा नारळ फोडत नसत, हळदकुंकू लावत नसत, पण माळ त्यांनी स्वतः ओवली होती. "हिच्यावर पोट चाललं आपलं," एवढंच म्हणाले.

मी फोन काढला, कॅमेरा उघडला. मेमरी फुल.

"काय झालं?" पप्पा.

"जागा नाही."

"एवढ्या मोठ्या फोनमध्ये?"

फोटो पुसायला लागले तर पप्पांचे दोस्त भोवती जमा झाले. एकेक फोटो पुसायचा म्हणजे तीनदा बटण, मग 'नक्की का?' असा प्रश्न, त्याला परत हो म्हणायचं.

"हे लग्न कुणाचं गं?"

"माहीत नाही, काका." तिथे मला खोटं बोलवलं नाही.

"मग उडव ना सगळ्यांना!"

"अरे, नवरी ठेव. बिचारीचा संसार सुरू व्हायचाय."

"तो फेटेवाला उडव आधी. सगळ्या फोटोत घुसलाय."

फेटेवाला गेला. जेवणाच्या चार पंगती गेल्या. पप्पा मात्र हसत नव्हते. घड्याळाकडे बघून म्हणाले, "बी.कॉम. झालीस आणि एक फोटो निघेना?" मला ते लागलं. मी मान खाली घालून बटणं दाबत राहिले.

अखेर जागा झाली. पप्पा लेथपाशी जाऊन उभे राहिले. हात मांडीला चिकटलेले, हनुवटी वर, श्वास रोखलेला.

मागून एक काका ओरडले, "अरे, लेथवर उभा आहेस का राष्ट्रगीताला?"

"मशीन बंद आहे, मग काय करू?" पप्पा वैतागले. त्या दिवशी मशीनला विश्रांती, बटणाला हात लावायचा नाही असा रिवाज. आणि काकांचं खरं होतं, फोनच्या पडद्यावर ते मशीनची राखण करायला ठेवल्यासारखे दिसत होते. तीस वर्षांचा कारागीर कुठेच दिसत नव्हता. आणि फोटो एकच होता.

मी म्हटलं, "पप्पा, मला एक सांगा. लोखंडाचा जॉब मशीनवर लावल्यावर तुमचा हात कुठे असतो?"

"हा इथे, या चाकावर."

"आणि नजर?"

"नजर टूलच्या टोकावर. हे बघ, असं वाकायचं, आणि चाक असं हळूहळू..." ते वाकले. डोळे बारीक झाले. हात चाकावर गेला आणि आपोआप फिरायला लागला. बोलता बोलता ते मला विसरले. फोन फोटो उशिरा काढतो हे मला आता पाठ होतं. त्यांचं वाक्य संपायच्या आत मी बटण दाबलं.

खट्.

सगळे फोनवर वाकले. चेहरा स्वच्छ आला होता, कपाळावरची आठीसुद्धा. हात मात्र फिरताना धरला गेल्यामुळे पुसट झाला होता.

"हात हलला," मी म्हटलं. "माफ करा, पप्पा."

पप्पांनी फोन हातात घेतला, डोळ्यांपासून लांब धरला, मग जवळ आणला.

"हलणारच," ते म्हणाले. "कामावर आहे मी."

तेवढ्यात भोंगा झाला. सुपरवायझर साहेब आले, त्यांनीही फोटो बघितला आणि डोळे मोठे केले. "हे काय? आजच्या दिवशी मशीन चालवली?"

पप्पा छाती काढून म्हणाले, "मी नाही साहेब. पोरीनं चालवली."