टेलला आधी

रांग लावणारी माणसं असतात, रांग मोडणारी तर चिक्कार असतात. पण रांग शेपटाकडून सुरू करणारा माणूस उभ्या सातारा-सांगलीत मी एकच पाहिला, आणि माझं नशीब असं की तो माझाच थोरला चुलता निघाला. आप्पा रहिमतपूरजवळच्या आमच्या गावात राहतात. सगळी नोकरी त्यांनी पाटकरी म्हणून काढली. पाटकरी म्हणजे कालव्याचं पाणी कुणाच्या शेताला कधी आणि किती वेळ सोडायचं ते बघणारा पाटबंधारे खात्यातला माणूस. कालव्याच्या तोंडाशी ज्यांची शेतं ते हेडचे, आणि जिथं पाणी पोचता पोचता आटतं ते टेलचे. हेडवाल्यांनी आधी दारं उघडली की टेलला नुसता चिखल मिळतो, म्हणून आप्पांचा नियम एकच, टेलला आधी. नियम म्हणे खात्याचाही तोच होता. पण खात्यानं तो कागदावर ठेवला आणि आप्पांनी अंगात भिनवून घेतला. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, अजून उतरलेला नाही.

माझं लग्न मिरजेत झालं. पंगतीत पहिल्या पानांवर मुलीकडचे मानकरी बसलेले, वाढपी बुंदीची बादली घेऊन निघाला, आणि आप्पांनी त्याचा हात धरला. "गड्या, हिकडनं न्हाई. त्या टोकाकडनं सुरू कर." त्या टोकाला मांडववाल्याची माणसं आणि बँडवाले बसले होते. त्यांची बुंदी खाऊन दुसऱ्यांदा मागून झाली, तरी माझ्या मामेसासऱ्यांच्या पानात मीठ आणि लिंबाची फोड यापलीकडं काही पडलं नव्हतं. ते आजही माझ्याशी तुटकच बोलतात. घरी चहा झाला की पहिला कप जो दारात अजून चपला काढतोय त्याला, आणि तळाचा गार चहा स्वतःला. सलूनमध्ये "मी हितलाच हाय, तुमी लांबनं आलाय" असं म्हणत म्हणत आप्पा दाढी न करताच घरी परत आलेत, आणि हे एकदा नव्हे. सगळ्यात कहर म्हणजे आमची स्वतःची जमीन हेडला, अगदी कालव्याला लागून. तिला पाणी मिळायचं सगळ्या गावाच्या शेवटी. काकी अजून ऐकवतात, "बांधापलीकडच्या उसात माणूस घावायचं न्हाई, आन् आमच्यात शेरडू बी लपत नव्हतं. ह्यास्नी लगीन कशाला पायजे हुतं? टेलाशीच संसार केला ह्यांनी."

हे सगळं मी मित्रांना वर्षानुवर्षं रंगवून सांगत आलो. त्यात माझी करमणूकही व्हायची. ती माझ्या पोरीचं प्रकरण येईपर्यंत टिकली.

सई पाचवीत होती आणि जिल्ह्यातल्या सरकारी निवासी शाळेत जायचं तिनंच डोक्यात घेतलं होतं. तिथं प्रवेशपरीक्षा असते. जागा मोजक्या, अर्ज ढीगभर, आणि काही जागा जातीनिहाय राखीव. खुल्या गटातून निभाव लागणं अवघड आहे, असं तिच्या शिकवणीच्या सरांनी सांगून ठेवलं होतं. त्या दिवसांत आमच्या गल्लीत जो तो जुने कागद धुंडाळत होता. मीही धुंडाळले, आणि माझ्या पणजोबांच्या नावापुढं मोडी लिपीत 'कुणबी' अशी नोंद निघाली. तिच्यावर सईला ओबीसीचा दाखला मिळणार होता. राहिलं होतं एकच. वंशावळीच्या प्रतिज्ञापत्रावर घरातल्या सगळ्यात थोरल्या माणसाची सही हवी होती, तीही तालुक्याच्या कचेरीत समक्ष जाऊन. म्हणजे आप्पांची.

आप्पांनी कागद भिंगाखाली धरून दोनदा वाचला.

"आज्जा कुणबी हुता, खरं हाय," ते म्हणाले. "पर पाटाच्या तोंडाला नांगर धरत हुता."

"अहो आप्पा, ही शाळा आहे. कालवा नाही."

"त्या जागंवर आजपातूर कोण बसायचं?"

"ज्यांचा हक्क आहे ते. आता आपलाही निघालाय. सरकारच देतंय."

"देतंय तर घ्यावं. मी कुठं नगं म्हनतुय? पर आपल्या कुंभाराची पोर बी त्याच परीक्षेला बसलीया. तिला ना शिकवणी, ना बसायला जागा. ओट्यावर येऊन माझ्याकडनं गणितं करून घेती. तुझ्या पोरीला दोन दोन मास्तर. ती हेडला हाय रं, कागद कायबी म्हनू दे."

मी भडकलो. "मग माझ्या पोरीनं हुशार असून घरी बसायचं का? दहा वर्षांची आहे ती. तिनं कुणाचं पाणी तोडलं?"

यावर आप्पा बराच वेळ भिंग पुसत बसले. माझाही मुद्दा त्यांना कुठंतरी लागला असावा. "तिनं न्हाई तोडलं," ते शेवटी म्हणाले. "आन् कागद खरा हाय, त्यो दाबून ठेवणारा मी कोण? सोमवारी जातो आन् करतो सही."

अर्जाची मुदत त्याच आठवड्यात संपत होती आणि मला रजा मिळेना. सोमवारी संध्याकाळी फोन केला.

"झालं का, आप्पा?"

"न्हाई. खिडकी बंद झाली."

"सकाळी नऊलाच गेला होतात ना?"

"व्हय. पयलाच नंबर हुता."

पुढचं खोदून खोदून विचारावं लागलं. आप्पांच्या मागं एक बाई मुलीच्या दाखल्यासाठी डोंगरावरच्या वस्तीवरून आली होती, आणि तिची परतीची एसटी दुपारची. तिला पुढं घातलं. तिच्या मागच्याचा कामाचा खाडा होत होता. त्याच्या मागं पायानं अधू म्हातारा. असं करत करत माझे चुलते पहिल्या नंबरावरून शेवटच्या नंबरावर पोचले आणि पाचला खिडकी लागली. मंगळवारी सर्व्हर बंद. बुधवारी सही झाली, पण दाखला हातात यायच्या आत मुदत संपली आणि सईचा अर्ज खुल्या गटातूनच भरावा लागला.

मी महिनाभर त्यांच्याशी बोललो नाही. म्हाताऱ्यानं मुद्दामच केलं, अशी माझी खात्री होती. शेवटी न राहवून गावी गेलो आणि तोंडावर विचारलं. काकी भाकरी थापायच्या थांबल्या.

"मुद्दाम? न्हाई रं," आप्पा म्हणाले. त्यांचा चेहरा खरोखरच पडला होता. "मला वाटलं, आपला नंबर येतोच. आपल्या घरात कुणाचा नंबर आला न्हाई, असं आजवर कवा झालंय?"

ते मला पटलं. राग मात्र गेला नाही.

निकाल लागला. कुंभाराच्या पोरीची निवड झाली. तिला दप्तर आप्पांनीच घेऊन दिलं, हे मला काकींकडून कळलं, आणि वाईट वाटायला नको होतं तरी वाटलं. सईचं नाव प्रतीक्षा यादीत लागलं. निवडलेल्यांपैकी कुणी गेलं नाही तर यादी वर सरकते. सई रोज दप्तर भरून ठेवते आणि आम्ही तिला काही बोलत नाही.

तेव्हापासून रोज सकाळी सातला आप्पांचा फोन येतो. एरवी दसरा-दिवाळीशिवाय फोनला हात न लावणारा माणूस. "सरकली का रं यादी?" मी नाही म्हणतो. "उद्या सरकंल," म्हणतात आणि ठेवतात. काकी सांगतात की फोन झाल्यावर चहा तसाच गार होतो. अशी वाट बघायची त्यांना सवय नाही. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांची पाळी आणून दिली, पण आपली पाळी येईल की नाही या घोरात बसायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती.

परवा मी वैतागून सांगून टाकलं, "आप्पा, रोज विचारू नका. ती यादीत अगदी शेवटाला आहे."

एका हाकेत अख्खा कालवा थांबवणाऱ्या त्या माणसानं, बारीक आवाजात विचारलं, "म्हंजी टेलला. तितं टेलाकडं बघनारं कुणी हाय का रं?"

"माहीत नाही, आप्पा," मी म्हणालो.

मी फोन ठेवला. ज्या खोडीनं या माणसानं मला जन्मभर जेरीस आणलं, नेमकी तीच खोड असलेलं एखादं माणूस यादी हातात घेऊन त्या कचेरीत बसलेलं असावं, असं मला त्या सकाळी फार वाटलं.